मुरुमे असताना फेशियलची निवड

लग्नाआधी कोणते फेशियल करावे, असे एका ताईंनी विचारले होते; त्यांना लग्नाच्या आदल्या दिवशी गोल्ड फेशियल (सोन्याचा वर्ख वापरून केलेले फेशियल) करून घ्यावे, असे सुचवले गेले आहे. मात्र या ताईंची त्वचा तेलकट असून गालांवर पिकलेली मुरुमे आहेत, त्यामुळे हा सल्ला त्यांना मानवेल असे वाटत नाही. अशा त्वचेवर जोराने मसाज केल्यास किंवा दाणेदार स्क्रब घासल्यास दाह वाढतो, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या वर्णात त्याचे काळे डाग कित्येक महिने रेंगाळतात. त्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञांकडून सॅलिसिलिक आम्लाचे सौम्य पील (त्वचेचा वरचा मृत थर काढणारा लेप) करून घेण्याचा विचार करावा, कारण हे आम्ल तेलात विरघळत असल्याने रोमछिद्रांत साचलेल्या तेलापर्यंत पोहोचते. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा गर्भधारणा असल्यास, तसेच रेटिनॉल (‘अ’ जीवनसत्त्वाचा त्वचेवर लावायचा प्रकार) लावत असल्यास, तसे आधीच सांगावे. (सोन्याच्या वर्खाने चेहरा तेवढ्यापुरता चमकतो, याहून अधिक अपेक्षा मी तरी ठेवणार नाही.)

मुंबईच्या दमट हवेत घाम येतो म्हणून अनेकजणी मॉइश्चरायझर टाळतात, पण दिवसभर एसीत बसणाऱ्यांची तेलकट त्वचाही पाण्यावाचून ताणल्यासारखी होते. पीलनंतर किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन पावसाळ्यातही लावावे, आणि पीलचा पहिला प्रयोग लग्नाच्या निदान महिनाभर आधी करावा.