बिनअर्थाचे शब्द म्हणताना पोर अडखळते, नॉर्मल आहे का?

निवांत: आमची साडेतीन वर्षांची पोर खेळता खेळता 'मटाकू', 'पनिला' असलं काहीही पटकन म्हणते पण 'प्तीमग' म्हटलं की गडबडते, काळजीचं काही नाही ना?

चहाबाज: अजिबात नाही. पहिल्या दोन शब्दांतल्या आवाजांच्या जोड्या रोज कानावर पडणाऱ्या, जीभ सरावलेली; 'प्ती'ने सुरू होणारे शब्द मात्र क्वचितच. बाळं तर 9 महिन्यांची असतानाच आपल्या भाषेतल्या आवाजांच्या नेहमीच्या जोड्यांकडे जास्त लक्ष देतात. शब्दसंग्रह वाढला की हा फरक कमी होतो.

रिकामटेकडा: मोठ्यांचंही तेच हो, फक्त चुका कमी. जपानी माणसाला 'एब्झो' ऐकवलं तर मधे 'उ' ऐकू येतो, 'एबुझो', कारण त्यांच्याकडे असं जोडाक्षर नसतंच!

निवांत: अच्छा, मग सासूबाईंचं 'फिलीम' त्यातलंच म्हणायचं 😄