अमेरिका-चीन तह झाला की टॉवेलवाल्यांना नक्की काय सुटतं?

टेरी_सोलापूर
अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचं युनिट आहे. माल न्हावा शेवाहून अमेरिकेला जातो. मे 2025 मध्ये जिनिव्हात अमेरिका-चीनने 90 दिवसांसाठी एकमेकांवरचं शुल्क उतरवलं, पुढे मुदती वाढल्या, ऑक्टोबरात दक्षिण कोरियात बुसानला ट्रम्प आणि शी जिनपिंग यांची भेट झाली आणि तह 10 नोव्हेंबर 2026 पर्यंत लांबला. एजंट म्हणतो, दोघांचं जमलंय, आता कापूस कुठून आला याचे कागद कोणी विचारणार नाही. खरं आहे का?

व्यापारनीती
नाही. तहात काय आलं ते बघायच्या आधी मूळ बंधन कोणाच्या सहीने लागलं ते बघा. वाटाघाटीला बसणारा माणूस त्याला स्वतःला मागे घेता येईल तेवढंच टेबलावर ठेवतो.

जिनिव्हात अमेरिकेचं 145 टक्क्यांचं शुल्क 30 वर आलं, चीनचं 125 वरून 10 वर. ते राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने चढलं होतं, म्हणून आदेशानेच उतरलं. पण अमेरिकेच्या व्यापार कायद्याच्या कलम 301 खाली 6 जुलै 2018 पासून चिनी मालावर लागलेलं शुल्क बघा. जानेवारी 2020 च्या पहिल्या टप्प्याच्या करारानंतरही त्यातलं बहुतेक राहिलं, सरकार बदललं तरी राहिलं. त्या करारात चीनने 2017 च्या पातळीपेक्षा दोन वर्षांत 200 अब्ज डॉलरची जादा खरेदी कबूल केली होती, ती पुरी झाली नाही. आकड्याचं वचन द्यायला सोपं, पण मोडल्यावर पुन्हा शुल्क लावण्यापलीकडे हातात काही उरत नाही.

चीनचंही तसंच. बुसाननंतर दुर्मिळ खनिजांवरचे ऑक्टोबर 2025 चे नवे नियम वर्षभर थांबले. एप्रिल 2025 मध्ये सात मूलद्रव्यांच्या निर्यातीवर आलेली परवाना पद्धत मात्र तशीच आहे.

तुमच्या कापसाचा प्रश्न उइघुर सक्तमजुरी प्रतिबंधक कायद्याचा. चीनच्या शिनजियांग प्रांतातला माल सक्तमजुरीचा धरून अमेरिकेत अडवणारा हा कायदा. तो अमेरिकी काँग्रेसने केलेला, 21 जून 2022 पासून लागू. कुठल्याही तहाने तो सैल झालेला नाही.

कस्टम्स_कागद
वरच्यात भर. हा कायदा चिनी मालापुरता आहे हा समज काढून टाका. शिनजियांगचा कापूस थोडा जरी असला, तरी टॉवेल सोलापुरात विणला म्हणून सुटत नाही. किमान टक्केवारीची सूट नाही. माल अडला की आयातदाराला उत्तर द्यायला साधारण 30 दिवस मिळतात, आणि तेवढ्यात सोलापुरातून कागद गोळा करणं फार जड जातं. म्हणून कंटेनर निघायच्या आधी फाइल तयार हवी: कापसाच्या गाठींची खरेदी आणि पैसे दिल्याचा पुरावा, जिनिंग, गिरणीचा सुताचा लॉट, मागावरची नोंद, डाईंगचा बॅच, पॅकिंग लिस्ट. प्रत्येक टप्प्याचं वजन पुढच्याशी जुळलं पाहिजे. 10 टन सुतातून 12 टन टॉवेल दिसले तर तिथेच शंका येते.

दुसरं, कापसाच्या टॉवेलचं मूळ ठरतं कापड विणलं त्या देशावरून. बाहेरचं ग्रे (न रंगवलेलं) कापड आणून इथे रंगवलं, शिवलं, तर तो माल भारताचा ठरत नाही.

टेरी_सोलापूर
अडचण सुताची. व्यापाऱ्याकडून घेतो, बिलावर फक्त काउंट (सुताची जाडी) आणि किलो.

कस्टम्स_कागद
साखळी नेहमी तिथेच तुटते. बिलावर गिरणीचं नाव आणि लॉट नंबर लिहूनच घ्या, कोनच्या पेटीवरच्या लेबलचा फोटो बिलासोबत ठेवा. गिरणी आयात कापूस मिसळत असेल तर कुठल्या देशाचा, हे तिच्याकडून लेखी घ्या. व्यापारी देत नसेल तर ते सूत अमेरिकेच्या ऑर्डरला लावू नका, देशी बाजाराच्या मालाला वापरा.

दक्षिण_कसबा
थोडं वेगळं, पण सोलापूरकरांनी लक्षात ठेवावं असं. युद्धकाळात चीनमध्ये जखमींवर उपचार करणारे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या गावचे. चिनी नेते भारतात आले की कोटणीसांच्या कुटुंबीयांना आवर्जून भेटत आले, 2014 मध्ये शी जिनपिंगही भेटले. संबंध ताणलेले असताना अशा भेटींनी दार बंद होत नाही, हे मोलाचं आहे. त्याउलट फेब्रुवारी 2023 मध्ये अमेरिकेने आपल्या आकाशात आलेला, हेरगिरीचा संशय असलेला चिनी फुगा पाडला, त्या दिवशी चीनच्या संरक्षणमंत्र्यांनी अमेरिकेचा फोन घेतलाच नाही. संकटासाठीची लाइन रुसव्यात बंद ठेवणं हे सगळ्यात धोक्याचं.

व्यापारनीती
@टेरी_सोलापूर, करारात एक ओळ घाला: ऑर्डरनंतर बदललेलं आयात शुल्क कोण सोसणार. एफओबीत (माल जहाजावर चढवेपर्यंतच तुमची जबाबदारी) ते खरेदीदाराचं, डीडीपीत (शुल्क भरून माल पोचवायची बोली) तुमचं. आणि शिपमेंटची तारीख सांभाळा. ऑगस्ट 2025 मध्ये भारतावर जादा 25 टक्के लागले तेव्हा 27 ऑगस्टच्या आत जहाजावर चढून 17 सप्टेंबरच्या आत तिकडे दाखल झालेला मालच वाचला. गोदीत पडून राहिलेल्या कंटेनरला ही सूट नव्हती.