जुनाट आजार आणि ज्यूरी ड्यूटी : कायमची सूट मागावी का?

सई_सनीवेल

कोर्टाचं पाकीट पुन्हा आलंय, ज्यूरीवर, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटात, बसायला या म्हणून. २०१४ ला अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेतल्यापासून हे चौथं समन्स. पहिल्या वेळी आमचा ग्रुप नंबर लागलाच नाही. रोज संध्याकाळी पाचनंतर वेबसाइट बघायची, 'उद्या यायची गरज नाही' वाचायचं आणि झोपायचं, असा आठवडा काढला. दुसऱ्या वेळी तारीख पुढे ढकलून घेतली आणि मग बोलावणंच आलं नाही. तिसऱ्या वेळी मात्र गेले.

मला अकरा वर्षं अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा. दर आठ आठवड्यांनी इन्फ्लिक्सिमॅब या औषधाचं इन्फ्युजन, म्हणजे सलाइनसारखं शिरेतून, घ्यावं लागतं. बरी असले की डोंगर चढून येईन, बिघडलं की दिवसाला बारा-पंधरा फेऱ्या. आणि जायचंय असं वाटल्यापासून हातात दोन-तीन मिनिटं असतात, जास्त नाही.

त्या दिवशी तशी बरी होते. तरी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, हा आमच्या जमातीचा जुना उपाय. ज्यूरी बॉक्समध्ये मागच्या रांगेत बरोब्बर मधली खुर्ची वाट्याला आली. दाराच्या बाजूला तीन माणसं. न्यायाधीशबाई एकेकाला विचारत होत्या, काम काय करता, घरात कोणी पोलिसात आहे का. मी त्यातलं काहीएक ऐकत नव्हते. मी गुडघे मोजत होते. सहा गुडघे ओलांडले की पायरी, पायरीनंतर दार. तासाभराने वकिलाने मला 'थँक यू' म्हणून मोकळं केलं. दुपारी तीनला पार्किंगमध्ये गाडीत बसून सकाळी भरलेला दहीभात खाल्ला.

कॅलिफोर्नियात २०१९ पासून कायमची वैद्यकीय सूट मागता येते. डॉक्टरांचं लेटरहेडवरचं पत्र लागतं, आणि माझे डॉक्टर ते द्यायला तयार आहेत. नवरा म्हणतो, "ऑफिसला जातेस, ढोलताशाच्या प्रॅक्टिसला जातेस, मग कोर्टानेच काय घोडं मारलंय?" ढोलताशाचं खरं आहे. पण तिथून मी मध्येच पळाले तर फार तर एक ठेका चुकतो.

ही पळवाट वाटते का तुम्हाला? खरं सांगा.

कडवे_वाल

खरं विचारलंत म्हणून सांगतो, राग नसावा. वाटते.

मी न्यू जर्सीत ज्यूरीवर बसलोय. सहा दिवस. पहिले तीन दिवस रोजचे पाच डॉलर, त्यात डबा न नेणाऱ्याचं सँडविचही येत नाही. आमच्यात एक बाई इन्सुलिन पंपवाल्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी न्यायाधीशांना सांगून ठेवलं, मला मध्येच खावं लागेल. न्यायाधीश म्हणाले, खा. विषय संपला.

मंडळाच्या पिकनिकला ज्यूरीचा विषय निघाला की आपल्या लोकांच्या युक्त्या ऐका. "इंग्लिश येत नाही म्हणून सांग." हे सांगणारा गृहस्थ वीस वर्षं क्लायंटशी फोनवर इंग्लिशमध्ये भांडतोय! नागरिकत्व कशाला घेतलं, तर विमानतळावरची रांग लहान होते म्हणून. तुम्ही त्यातल्या नाही हे कळतंय, पण परिणाम तोच.

ज्यूरीत कोण बसलंय याने काय फरक पडतो हे निदान मराठी माणसाला सांगायला लागू नये. १८९७ ला टिळकांच्या खटल्यात नऊ ज्युरर होते. सहा युरोपियन म्हणाले दोषी, तीन हिंदी लोक म्हणाले निर्दोष. १९०८ ला सात विरुद्ध दोन, आणि सहा वर्षं मंडाले. आज तुमच्याकडच्या कोर्टात कोणा देशपांड्याचा पोरगा आरोपी म्हणून उभा राहिला तर समोर त्याच्यासारखं दिसणारं कोणी नको?

तिरपागडे

टिळक आले. आता नानावटी किती वाजता येतात तेवढं सांगा, पॉपकॉर्न गरम आहेत.

जाऊ दे, मीच आणतो. नौदल अधिकारी नानावटी, बायकोच्या प्रियकराच्या खुनाचा आरोप, १९५९, मुंबई सेशन्स कोर्ट, ज्यूरी आठ विरुद्ध एक, 'निर्दोष'. न्यायाधीशांना निकाल पटला नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे धाडलं आणि तिथे जन्मठेप झाली. या एका खटल्यामुळे भारतातली ज्यूरी गेली असं सगळे ठोकून देतात. विधी आयोगाने ती बंद करा असं १९५८ लाच सांगितलं होतं, आणि उरलीसुरली १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने संपवली.

अवांतर: टिळकांना मधुमेह होता. पण ते आरोपीच्या पिंजऱ्यात होते, त्यामुळे डॉक्टरांचं पत्र चाललं नसतं. (दिवा घ्या.)

निळावंती

कडवे_वाल, इन्सुलिन पंपवाल्या बाई तुम्हाला दिसल्या, कारण त्या येऊ शकल्या. ज्या आल्याच नाहीत त्या तुम्हाला दिसणार कशा?

मी फ्रीमाँटला असते. मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार. बघणाऱ्याला काही कळत नाही, लिपस्टिक लावते, गाडी चालवते. पण दुपारी दोननंतर माझ्या डोक्यात वाक्यं टिकत नाहीत. समोरचा बोलतो, शेवटचे चार शब्द राहतात, आधीचे गेलेले असतात. अशी बाई साक्ष ऐकणार आणि तिच्या मतावर कोणाची तरी वीस वर्षं ठरणार? आरोपीच्या जागी तुम्ही असाल तर मी चालेन का तुम्हाला? देशपांडे आडनावाची असले तरी?

आणि खटल्याच्या मध्येच ज्युरर आजारी पडला तर काय होतं तेही ऐका. राखीव ज्युररांपैकी कोणी त्या जागी येतो. आतल्या खोलीत विचारविनिमय सुरू झालेला असेल तर कॅलिफोर्नियात तो पहिल्यापासून करावा लागतो. अकरा माणसांचे चार दिवस पाण्यात.

सूट कोणाला, हे नियमात स्वच्छ लिहिलंय. रोज सहा तासांपर्यंत, जेवणाची सुट्टी आणि सकाळ-दुपारचे छोटे ब्रेक धरून, साक्षीपुराव्याकडे लक्ष देता आलं पाहिजे. कोर्टाने सोयी करून दिल्या तरी ते जमत नसेल आणि आजार बरा होण्यातला नसेल, तर सूट. मला ते जमत नाही. २०२१ ला अर्ज केला, मिळाली. एक दिवसही अपराधी वाटलं नाही.

सई, अर्ज कर. नवऱ्याला एक आठवडा उपाशीपोटी ऑफिसला पाठव, मग विचार.

शिराळकर

आमच्याकडे ज्यूरी नाही, पण इलेक्शन ड्यूटी आहे. सांगली जिल्ह्यात शिक्षक आहे, सात निवडणुका केल्यात. आदल्या दिवशी सकाळी तालुक्याला साहित्य वाटप, मग एसटीने केंद्रावर, रात्री त्याच वर्गात सतरंजीवर मुक्काम. पहाटे साडेपाचला मॉक पोल, सातला मतदान सुरू, आणि मशीन जमा करून घरी पोचेपर्यंत दुसरी तारीख लागलेली असते. शौचालयाचं तर बोलूच नका. सईताईंचा आजार असलेल्या माणसाने ते छत्तीस तास कसे काढायचे?

आमच्या एका बाईंना संधिवात आहे, हाताची बोटं वाकडी झालेली. नाव कमी करून घ्यायला गेल्या तर खिडकीपुढे पन्नासेक जण, प्रत्येकाच्या हातात दाखला. त्यातल्या निम्म्यांना मी ओळखतो. एकाचा स्लिप डिस्क फक्त आचारसंहितेत दुखतो, एरवी तो कबड्डीचा कोच. साहेब वर न बघताच म्हणाले, "तुम्हा सगळ्यांना आताच बरं आजारपण येतं?" बाईंनी काही न बोलता दोन्ही हात टेबलावर ठेवले. साहेबांनी कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, मेडिकल बोर्डापुढे जा. बाई परत आल्या आणि ड्यूटी केली. बोटांना शाई लावायचं काम दिलं होतं.

म्हणून मी कडवे_वाल यांच्याशी अर्धा सहमत आहे. युक्त्या करणाऱ्यांनीच खऱ्या आजाऱ्याची पत घालवली. पण त्याचा दंड खऱ्या आजाऱ्याने का भरायचा? फक्त 'कायमचं' काही लिहून देऊ नका ताई. सरकारी कागदावर एकदा 'अपात्र' पडलं की पुसत नाही.

निळावंती

शिराळकर सर, इथे ज्यूरी कमिशनर (ज्यूरीची यादी सांभाळणारा अधिकारी) आणि माझा मॅनेजर एकमेकांना ओळखत नाहीत. पण त्या बाईंच्या हातांचं वाचून पोटात कालवलं.

काळा_डगला

वकिली करते, कॅलिफोर्नियातच, पण फौजदारी नाही. हा कायदेशीर सल्ला नाही वगैरे वगैरे.

शिराळकर सरांची भीती इथे तितकी लागू नाही. 'कायमची' सूट नावापुरतीच कायमची आहे. ज्यूरी कमिशनरकडे लेखी अर्ज केला की कधीही परत यादीत येता येतं.

तरी माझं मत अर्ज करू नका असंच आहे, आणि त्याचं कारण कडवे_वाल यांच्यापेक्षा वेगळं आहे. बायकांना पूर्वी अशीच 'सूट' होती. फ्लोरिडात बाईने स्वतः जाऊन नाव नोंदवलं तरच तिला ज्यूरीला बोलवत, कारण तिच्यावर घराची जबाबदारी. केवढी काळजी! नवऱ्याला बेसबॉलच्या बॅटने जिवे मारणाऱ्या एका बाईचा खटला त्यामुळे फक्त पुरुषांपुढे चालला, आणि १९६१ ला सुप्रीम कोर्टाने त्यात काही गैर नाही म्हटलं. ही समजूत मोडायला १९७५ उजाडलं. वॉशिंग्टन डीसीच्या कोर्टात अंध माणसांना सरसकट ज्यूरीबाहेर ठेवत. एक अंध गृहस्थ भांडले तेव्हा १९९३ ला ते थांबलं. तेव्हा कोणी सहानुभूतीने दार उघडून धरलं की मी आधी बघते, ते आत यायला की बाहेर जायला.

निळावंतीचं वेगळं, तिला लक्षच देता येत नाही. सईला येतं. तिला अडवतात ते सहा गुडघे. मग कडेची खुर्ची मागा, न विचारता उठायची परवानगी मागा. कोर्टाकडे अशा सोयींसाठी वेगळा अर्ज असतो.

डॉ_मिडलँड्स

इंग्लंडमधून. इथे २००४ पर्यंत आम्हा डॉक्टरांना ज्यूरीतून हक्काने सुटता येत होतं. ते गेलं, आणि मलाही दहा दिवस बसावं लागलं. आठवड्याला एखादं तरी असं पत्र मी लिहितो. निदान लिहू शकतो, औषधं लिहू शकतो. अमुक माणूस सहा तास बसू शकेल का, हे मला ठाऊक नसतं. पेशंट सांगतो तेच मी लेटरहेडवर उतरवतो. तेव्हा 'डॉक्टर म्हणाले' या वाक्याला फार भाव देऊ नका. ठरवायचं सईंनीच आहे.

सई_सनीवेल

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. नवऱ्यालाही वाचायला दिले. तो फक्त कडवे_वाल यांचे मोठ्याने वाचतो.

ते सहा तासांचं वाक्य डोक्यातून जात नाहीये. चांगल्या दिवशी मी आठ तास लक्ष देईन. वाईट दिवशी दहा मिनिटं नाही. आणि उद्याचा दिवस कुठला, ते मला आज रात्री माहीत नसतं. फॉर्मवर त्यासाठी चौकोन नाही. काळा_डगला, तुमचं दाराचं पटलं, पण कडेच्या खुर्चीवर बसले तरी त्या दिवशी मी साक्ष ऐकत असेन की दाराकडे बघत असेन, हे मी शपथेवर सांगू शकत नाही.

यंदाची तारीख नेमकी इन्फ्युजनच्या आठवड्यात आहे, ती पुढे ढकलून घेतली. सोयींच्या अर्जात कडेची खुर्ची लिहिलीय. डॉक्टरांचं पत्रही मागवलंय. ते ड्रॉवरमध्ये राहील.

कडवे_वाल

हे ठीक केलंत. आणि जाताना दहीभात खाऊन जा, पार्किंगसाठी ठेवू नका.

सई_सनीवेल

खाऊन गेले तर कडेची खुर्चीही पुरणार नाही, काका. कालपासून तेच सांगतेय.