'सागरी उष्णतेची लाट' याला दुसरा शब्द आहे का?

समुद्राचं पाणी सलग काही दिवस नेहमीपेक्षा बरंच तापलेलं राहतं, त्या मरीन हीटवेव्हला पेपरात सर्रास 'सागरी उष्णतेची लाट' छापतात. जमिनीवर ठीक आहे, थंडीची लाट म्हणतो तशी उष्णतेची लाट, पण समुद्राबद्दल बोलताना लाट म्हटलं की माणूस पाण्याचीच लाट समजणार, गरम पाणी किनाऱ्यावर येऊन आदळणार असंच वाटतं ना. कुणाला काही सुचतंय का?

— 'समुद्री उकाडा' कसा वाटतो? पाणी दिवसचे दिवस तापलेलं राहतं हे त्यात येतं, आणि शब्द आपला रोजचा आहे.

— उकाडा नको. उकाडा म्हणजे एप्रिल-मे, आणि घामाघूम झालेला माणूस. इथे व्याख्याच वेगळी आहे, त्या जागी, वर्षाच्या त्या दिवसांत, साधारण ३० वर्षांच्या नोंदी बघायच्या आणि त्यातल्या ९० टक्के नोंदींपेक्षा पाणी जास्त गरम सलग ५ दिवस तरी राहिलं तर ती मरीन हीटवेव्ह. म्हणजे ऐन थंडीतही होऊ शकते! लक्षद्वीपजवळ ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली ती २०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत चालली आणि प्रवाळ पांढरेफटक पडले. डिसेंबरात 'समुद्री उकाडा' लिहिणार का?

— मग सरळ 'सागरताप' म्हणा की. अंगात ताप आहे हे आपण नेहमीच्या तापमानाशी ताडूनच म्हणतो, बाहेर थंडी असो की ऊन. शिवाय क्रियापदं आयती मिळतात, ताप चढला, उतरला, हटेना.

— सागरताप आवडला, फक्त 'समुद्राची तापमानवाढ' याच्याशी गल्लत होऊ देऊ नका. हरितगृह वायूंमुळे साठणाऱ्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून जास्त समुद्र गिळतो, ती वाढ वर्षानुवर्षांची आहे आणि ती आपोआप उतरणारी नाही. सागरताप त्या आधीच तापलेल्या पाण्यावर आणखी चढतो, म्हणून तर वारंवार आणि लांबत चाललाय. चक्रीवादळाला साधारण २६.५ अंशांच्या वरचं पाणी लागतं, मे महिन्यात अरबी समुद्र तसाही त्याच्या वर असतो, २०२१ ला तौक्ते आलं तेव्हा तर नेहमीच्या मे महिन्यापेक्षाही तापलेला होता, आणि कोकणात बागा झोपल्या, होड्या फुटल्या. बातमीत दोन्ही शब्द वेगळे दिसले पाहिजेत.

— पटलं. 'लक्षद्वीपजवळ सागरताप, प्रवाळ धोक्यात' असा मथळा करून बघितला, कुणाला समजावून सांगावा लागला नाही. पहिल्यांदा वापरताना पुढे एक ओळ व्याख्या देईन.