'स्विस' म्हणजे नक्की कोण? शब्द सुचवा

खडूफळा
एका दिवाळी अंकासाठी स्वित्झर्लंडमधल्या बायकांच्या मताधिकारावर लिहितोय. गाडी एका साध्या शब्दावर अडली आहे. त्यांच्या जुन्या राज्यघटनेत जर्मनमध्ये होतं, 'आल्ले श्वाइत्सर', म्हणजे सगळे स्विस, कायद्यापुढे समान. १८८७ मध्ये एमिली केम्पिन-श्पिरी ही कायदा शिकलेली बाई कोर्टात म्हणाली, श्वाइत्सरमध्ये मीही आले, मला वकिली करू द्या. कोर्टाने उत्तर दिलं, हा अर्थ जितका नवा तितकाच धाडसी आहे. अर्ज फेटाळला.
मी लिहिलं, 'सर्व स्विस नागरिक समान'. आणि परिच्छेदच मेला. वाचणारा विचारणार, मग भांडण कशाचं? जर्मनमध्ये एकटी बाई श्वाइत्सरिन, पण घोळक्याला पुल्लिंगी श्वाइत्सर. त्यात बायका धरायच्या की नाहीत, हे ज्याच्या हातात त्याने ठरवायचं. मराठीत असा शब्द हवा, ज्यात बाई असेलही आणि नसेलही.

सदाफुली
बांधव! 'सारे भारतीय माझे बांधव आहेत.' चौथीत मी बाईंना विचारलं होतं, यात मुली येतात का? त्या म्हणाल्या, येतात, खाली बस. मागच्या बाकावरचा एक जण रोज 'एक सोडून' असं पुटपुटायचा, म्हणजे त्याच्या हिशेबी तरी येत होत्या.

तात्या बार्शीकर
बांधव झकास. मुळात शेताच्या बांधावरून आलाय. ज्याच्या बांधाला आपला बांध, तो बांधव. आणि ज्याची जमीन त्याचा शब्द, म्हणून बायका बाहेर. तेवढं ते 'मताधिकार' काढा हो, कागदी वाटतं. मतदानाचा हक्क म्हणा.

शब्दवेल्हाळ
तात्या, बांधव बंधूवरून आला. बांधाशी त्याचं नातं धातूपुरतं, शेजाराचं नाही. आणि हक्क अरबी आहे. स्वतःचा 'अधिकार' घरात असताना उसनवारी कशाला?

तात्या बार्शीकर
उसनवारी? वतनाच्या कागदांत हक्क-लाजिमे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आता तो घरचाच झाला. उलट तुमचा अधिकार म्हणजे आधी पात्रता दाखवा. वेदांचा अधिकार बायकांना होता का? स्वराज्य हा जन्मसिद्ध काय म्हटलं होतं लोकमान्यांनी, आठवा.

शब्दवेल्हाळ
त्यातला 'जन्मसिद्ध' कुठून आला, तेही आठवा.

काळा कोट
मूळ प्रश्नाकडे येतो. आपल्याकडे १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम १३ नुसार संदर्भ आड येत नसेल तर पुल्लिंगी शब्दात स्त्रिया धरायच्या. तिकडे १९५७ मध्ये आंत्वानेत किंश आणि चौदाशेवर बायका पुन्हा तोच मुद्दा घेऊन संघीय न्यायालयात गेल्या. न्यायालय म्हणालं, घटना लिहिणाऱ्यांच्या मनात पुरुषच होते. दोन वर्षांनी पुरुषांचं मत घेतलं, ६७ टक्के विरोधात. होकार मिळाला १९७१ मध्ये, तोही अर्थात पुरुषांकडूनच.

खडूफळा
आणि तो देशाच्या निवडणुकांपुरता, कोटसाहेब. कँटन म्हणजे तिथलं राज्य, त्याच्या निवडणुकांचं ज्याने त्याने ठरवायचं. आपेन्झेल इनररोडन या कँटनमध्ये २९ एप्रिल १९९० ला चौकात जमलेल्या पुरुषांनी हात वर करून तिसऱ्यांदा नाही म्हटलं. तिथे पुरुषाच्या कमरेची तलवार हीच मतदाराची ओळख! मग टेरेझा रोनर आणि इतर जणी न्यायालयात गेल्या, आणि २७ नोव्हेंबरला निकाल लागला की कँटनच्या घटनेत मतदारांसाठी जो 'लांडलॉइटे' शब्द आहे, त्यात बायकाही येतात. घटनेतलं एक अक्षर बदललं नाही. १९८१ मध्ये देशाच्या घटनेत स्त्रीपुरुष समानतेचं कलम आलं होतं, त्याच्या उजेडात जुनाच शब्द वाचला. म्हणून म्हणतोय, मला नवा शब्द नको, जुना आणि लबाड हवाय. लांडलॉइटेला 'गावकरी' चालेल?

मांडवीकाठ
आमच्या गोंयात अगदी चालेल. कोमुनिदाद म्हणजे गावच्या सामायिक जमिनीची संस्था, तिचा गांवकार परंपरेने पुरुषवंशानेच. माझी आत्या गावातच जन्मली, शेजारच्याच वाड्यात दिली, तरी ती गांवकार नाही. तिचे धाकटे भाऊ मात्र मिसरूड फुटायच्या आधीपासून गांवकार.

शब्दवेल्हाळ
गोव्यात ठीक. घाटावर 'गावकरी' ऐकून कोणालाही कोर्ट आठवणार नाही.

सदाफुली
असं कसं? आमच्या गावात दवंडी पडली, 'समद्या गावकऱ्यांनी चावडीवर यावं'. माझी मावशी पदर खोचून गेली. तिला विचारलं, घरात कोणी गडी नाही का? ती म्हणाली, गावकऱ्यांना बोलावलंय ना, मी काय पाव्हणी आहे? बसली तिथेच. पण बोलू दिलं नाही, हे खरं. आता ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायचा नियम आहे, तिथे ती कोणाला बोलू देत नाही.

काळा कोट
मावशींचा युक्तिवाद आणि १९९० चा निकाल एकच आहे.

शब्दवेल्हाळ
मावशींना नमस्कार. पण लेखात 'बांधव'च घ्या. 'गावकरी' वाचून लोकांना सत्यनारायण आठवेल.

तात्या बार्शीकर
बांधव माझ्या अर्थाने घेतलात तरच.

मांडवीकाठ
एक विचारू? ही श्पिरीबाई 'हायडी' ही मुलांची कादंबरी लिहिणाऱ्या योहाना श्पिरींची कोण? एके ठिकाणी भाची वाचलं.

खडूफळा
भाची नव्हे, पुतणी. योहानाबाईंच्या नवऱ्याच्या भावाची मुलगी. इंग्रजीवरून उतरवलं की सगळ्याच भाच्या होतात. पण माझ्या शब्दाचं काय? सोमवारी लेख द्यायचाय.

सदाफुली
म्हणजे हायडी लिहिणारी तिची काकू!

तात्या बार्शीकर
आमच्याकडे चुलती म्हणतात.