शून्य की रिकामा रकाना?

कोरडवाहू: कालच्या धाग्यात एका महाशयांनी लिहिलं, "संशोधनाचा पेपर छापून आला की डेटाचं काम संपलं. कुणी मागितला तर पेनड्राइव्हवर देऊ." द्या की! 'फायनल_नवीन_2' नावाची एक्सेल फाइल, पावसाच्या रकान्यात कुठे 0, कुठे रेघ, कुठे काहीच नाही. 0 म्हणजे पाऊस नाही, रिकामं म्हणजे नोंदच नाही. रिकाम्याला 0 धरून बेरीज केली की आधीच कोरडं सोलापूर आणखी कोरडं. शिवाय सकाळी 8:30 ला मोजलेला पाऊस त्या तारखेवर चढतो, पडलेला असतो आदल्या 24 तासांत. हे कुठे लिहिलेलं नसेल तर पेरणीच्या तारखेशी जुळवताना दिवस सरकतो. रकान्याचं नाव, एकक, नसलेल्या नोंदीची खूण, मोजणीची वेळ. अर्ध्या पानाचं टिपण मागतोय, सातबारा नाही.

सात_रस्ता: 2016 ला ती फेअर तत्त्वं आली, म्हणजे डेटा सापडावा, मिळावा, दुसऱ्याशी जुळावा, पुन्हा वापरता यावा, तेव्हापासून प्रकल्प अहवालात एक परिच्छेद वाढला. बाकी? क्षेत्र गुंठ्यात लिहिणारा गुंठ्यातच लिहितोय.

कोरडवाहू: लिहू दे. त्याच रकान्यात एकर मिसळू नको म्हणा. 40 पटीचा फरक आहे, तोही न ओरडणारा.

कडक_भाकरी: गुंठे सोडा, फॉन्टचं बोला! निम्म्या जुन्या मराठी फाइली युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात आहेत. फॉन्ट नसला की नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ. कन्व्हर्टर त्याच फॉन्टचा लागतो, आणि तरी 'बार्शी' तपासा: जुन्या फॉन्टात रफार अक्षरानंतर टंकतात, युनिकोडमध्ये आधी येतो. 'चिंचोली'त पहिल्या वेलांटीचं उलटं. एक गाव तीन स्पेलिंगांत, म्हणजे तीन गावं!

सात_रस्ता: कन्व्हर्ट करूनही सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी फाइल, डबल क्लिक केली की एक्सेलमध्ये कचरा दिसतो. मग म्हणे युनिकोड.

कडक_भाकरी: डबल क्लिक कोण करतं? 'डेटा' टॅबमधून टेक्स्ट/सीएसव्ही घ्या, 65001 निवडा, म्हणजे युनिकोडचं यूटीएफ-8. सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-8'. आणि नावाशेजारी गावाचा एलजीडी कोड, म्हणजे सरकारी यादीतला गावाचा क्रमांक ठेवा, स्पेलिंगचं भांडणच मिटतं. मूळ फाइलला हात लावायचा नाही, फक्त वाचण्यापुरती ठेवा. नंतर सगळं झेनोडो या संशोधन-डेटाच्या ऑनलाइन साठ्यावर टाका, फुकट आहे, डीओआय म्हणजे संदर्भासाठी कायमचा क्रमांक मिळतो. लपवता कशाला?

मोजमाप: "सगळं टाका" म्हणणाऱ्यांचीच भीती वाटते. डाळिंब बागांचं सर्वेक्षण, शेतकऱ्याचं नाव काढलं, गाव आणि गट नंबर ठेवला. ऑनलाइन सातबारा उघडला की मालक समोर! कर्जाचा रकाना असेल तर संपलंच. गट नंबर काढा, गावाऐवजी तालुका, जीपीएस दोन दशांशांपर्यंत. तरी सुमारे किलोमीटरभराच्या आत जागा कळतेच, त्यामुळे लहान गावात एकच मोठी बाग असेल तर तेही नको.

कडक_भाकरी: मग उरलं काय? तालुक्यावर मातीचा अभ्यास करायचा?

मोजमाप: दोन प्रती. तपशीलवार प्रत झेनोडोवरच 'मर्यादित' ठेवा, माहितीपत्र खुलं. मागणाऱ्यानं कारण द्यावं.

सात_रस्ता: म्हणजे शेवटी "मागितला तर देऊ" हेच ना? कालच्या महाशयांचा सत्कार करा.

कोरडवाहू: करू. हारासोबत टिपणही देऊ, रकाने भरून. रेघ म्हणजे 0 की नोंद नाही, तेवढं त्यांनीच सांगावं.