बॉबी हर्ली कणखर होता, की त्याला कणखर ठरवण्यात आले?

जुना जर्सीकर:
अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या १९९०च्या सुमाराच्या बास्केटबॉल संघाविषयी चाललेल्या चर्चेत काल ‘आकडेमोड’ यांनी लिहिले की, त्या संघाचा गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा खेळाडू, बॉबी हर्ली याचा कणखरपणा ही वृत्तपत्रांनी रचलेली कथा आहे, संघातील लेटनर आणि ग्रँट हिल या बड्या खेळाडूंच्या हाती चेंडू नेऊन देणे एवढेच त्याचे काम होते आणि पुढे एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये त्याचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. मी ते वाचले, जेवलो, झोपायला गेलो आणि रात्री दीड वाजता उठून हे उत्तर लिहायला बसलो आहे.

१९९० च्या राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पहिल्या वर्षाचा हर्ली आजारी होता, पोटाने बेजार होता आणि ड्यूकचा यूएनएलव्हीने, म्हणजे लास व्हेगासच्या नेवाडा विद्यापीठाने, १०३-७३ असा धुव्वा उडवला. अशा हारीनंतर अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा कायमचा खचला असता, तर त्याला कोणी दोष दिला नसता. वर्षभराने उपांत्य सामन्यात तोच यूएनएलव्ही समोर होता आणि तोही सलग ४५ सामने जिंकून आलेला. दोन-अडीच मिनिटे उरली होती, ड्यूक ७१-७६ असा मागे होता आणि चेंडू हर्लीच्या हातात होता. त्याने कोणालाही पास न देता स्वतः थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून तीन गुणांचा फटका, मारला. पुढे ड्यूकने ७९-७७ असा विजय मिळवला. तो चेंडू रिंगला लागून बाहेर पडला असता, तर आज आपण ड्यूकचे प्रशिक्षक क्रझिझेव्स्की यांच्या पहिल्या विजेतेपदाविषयी बोलत नसतो.

१९९२ मध्ये पायाचे हाड मोडूनही तो त्याच हंगामात परतला. केंटकीविरुद्ध १०४-१०३ असा जिंकलेल्या सामन्यातील लेटनरचा शेवटचा फटका लहान मुलांनाही ठाऊक असतो, पण त्याच सामन्यातील हर्लीचे २२ गुण आणि १० असिस्ट, म्हणजे दुसऱ्याला गुण मिळवून देणारे पास, मोजायला कोणी बसत नाही. त्या वर्षी अंतिम चार संघांतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान लेटनरला नव्हे, हर्लीला मिळाला, एवढे तरी लक्षात ठेवावे.

हे मी केवळ दूरदर्शनवर पाहून लिहीत नाही. १९८८ च्या हिवाळ्यात मी जर्सी सिटीत राहत होतो. हर्लीच्या सेंट अँथनी शाळेला स्वतःचे व्यायामगृह नव्हते, त्यामुळे संघ न्यूअर्क अव्हेन्यूवरील व्हाइट ईगल हॉल या बिंगोच्या सभागृहात सराव करीत असे. त्याच रस्त्याने पुढे आपली वाणसामानाची दुकाने होती. हातात कणकेची वीस पौंडांची पिशवी घेऊन मी त्या दारासमोर एकदा थबकलो होतो, कारण आतून एका माणसाचा असा आवाज येत होता की, मला क्षणभर आमच्या शाळेतले पी.टी.चे सर आठवले. तो आवाज संघाचे प्रशिक्षक असलेल्या हर्लीच्या वडिलांचा होता, असे मी पुढची पस्तीस वर्षे सर्वांना सांगत आलो आहे. ते दिवसा परिवीक्षा अधिकारी म्हणून काम करीत आणि संध्याकाळी मुलांना घडवीत. अशा घरातून आलेल्या मुलाला कणखरपणा वृत्तपत्रांकडून उसना घ्यावा लागत नाही.

आकडेमोड:
कणकेची पिशवी हा पुरावा नव्हे, आणि तो आवाज कोणाचा होता हे आपण दाराबाहेरूनच ठरवलेत. हर्लीचे १,०७६ असिस्ट तीन दशकांहून अधिक काळ विक्रम म्हणून टिकले, हे मला मान्य आहे. पण पास घेऊन चेंडू टाकणारा समर्थ नसेल, तर असिस्ट नोंदवलाच जात नाही. लेटनर गेल्यानंतर काय झाले, हे आपण सोयीस्करपणे वगळले आहे. १९९३ मध्ये ड्यूक दुसऱ्याच फेरीत कॅलिफोर्नियाकडून हरला आणि समोरचा गार्ड होता पहिल्या वर्षाचा जेसन किड.

जुना जर्सीकर:
त्या सामन्यात हर्लीने ३२ गुण केले होते. आकडेमोड हे नाव घेणाऱ्याने हा एक आकडा तरी मोडू नये.

वाळवंटी:
मी यूएनएलव्हीच्या बाजूचा असल्याने मला येथे कोणी विचारणार नाही, तरी विचारतो. १९९० च्या हंगामात आमच्या ग्रेग अँथनीचा जबडा मोडला होता. तारेने बांधलेल्या जबड्यानिशी तो खेळत राहिला आणि ज्या अंतिम सामन्यात तुमचा हर्ली पोट धरून फिरत होता, तो सामना त्याने जिंकून दाखवला. मग कणखर गार्ड म्हटल्यावर प्रत्येकाच्या तोंडी हर्लीचेच नाव का येते? कृष्णवर्णीय खेळाडू असला की तो ‘उपजत गुणवत्तेचा’ आणि ‘चपळ’ ठरतो, श्वेतवर्णीय असला की ‘जिद्दी’, ‘कष्टाळू’ आणि ‘डोक्याने खेळणारा’ ठरतो. ही विशेषणे तुम्ही तपासून पाहावीत, एवढेच माझे म्हणणे आहे.

डरहॅमवासी:
प्रत्येक चर्चा शेवटी येथेच आणून सोडायची, हा आता रिवाज झाला आहे. हर्ली सहा फूट उंचीचा, शेलाट्या अंगाचा मुलगा होता. त्याला चपळ म्हणायचे नाही, उंच म्हणता येत नाही, मग आम्ही म्हणायचे तरी काय?

वाळवंटी:
सेंट अँथनीच्या १९८९ च्या अपराजित संघात हर्लीसोबत कृष्णवर्णीय टेरी डिहिअर होता. तेच सभागृह, तोच प्रशिक्षक, तोच ओरडा. डिहिअर सीटन हॉल विद्यापीठात गेला, भरपूर गुण केले आणि हर्लीप्रमाणेच १९९३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएच्या खेळाडू-निवडीत, पहिल्या फेरीत निवडला गेला. जर्सीकर, आपण तर त्याच रस्त्यावर राहत होता. त्या ओरड्याचे सगळे पुण्य एकाच मुलाच्या खात्यावर कसे जमा झाले, ते आपणच सांगावे. ग्रँट हिलला २०११ मध्ये वृत्तपत्रात लेख लिहून स्वतःच्या कुटुंबाची बाजू मांडावी लागली, कारण एका माहितीपटात मिशिगनचा जुना खेळाडू जेलन रोझ याने ड्यूकमधील कृष्णवर्णीय खेळाडू तरुणपणी आपल्याला गोऱ्यांपुढे लाचार वाटत असत, असे सांगितले होते. हर्लीला असा खुलासा कधी करावा लागला का?

डरहॅमवासी:
मी ड्यूकच्या त्या डरहॅम गावात नऊ वर्षे काढली आहेत. सुरुवातीच्या वर्षांत रस्त्यावर माझ्याकडे कोण कसे पाहत असे, हे मला शिकवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? तरीही मी त्या संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडलो, आणि त्यात पाचही खेळाडू आले.

वाळवंटी:
आपण ओरडलात, हे उत्तम झाले. माझा प्रश्न विशेषणांविषयी होता, आपल्या घशाविषयी नव्हता.

पट्टा लावा:
एनबीएचा टोमणा मारणाऱ्यांना एवढेच सांगायचे आहे की, १२ डिसेंबर १९९३ च्या रात्री सॅक्रामेंटोत एनबीएच्या सामन्यानंतर घरी जाताना दिवे न लावलेल्या एका गाडीने हर्लीच्या गाडीला धडक दिली, तेव्हा त्याने पट्टा लावलेला नव्हता आणि तो बाहेर फेकला गेला. श्वासनलिका फुप्फुसापासून तुटलेला माणूस पुढच्या हंगामात पुन्हा मैदानावर उतरला. माझा धाकटा भाऊ अशाच एका अपघातातून वाचला आणि त्यानंतर दोन वर्षे त्याला जिना चढताना मध्येच बसावे लागत असे. त्यामुळे हर्लीची प्रतिसामना सरासरी काढून हसणाऱ्यांचा मला राग येतो. आपल्याकडे मागच्या सीटवरचा माणूस अजूनही पट्ट्यावर बसतो, तो लावत नाही.

आकडेमोड:
अपघाताची गोष्ट मी विसरलो नव्हतो, पण माझे वाक्य असे लिहिले गेले होते की विसरल्यासारखे वाटावे. ‘एनबीएमध्ये काय झाले’ हे शब्द मी मागे घेतो. १९९१ चा तो थ्री-पॉइंटर अविचारी होता आणि तो आत गेला म्हणून धाडसी ठरला, हे मत मात्र मी मागे घेत नाही. धागाकर्त्यांनी यावर समाधान मानावे आणि रात्री झोपावे.

जुना जर्सीकर:
वाळवंटींच्या प्रश्नामुळे ती झोप आज लागणार नाही. डिहिअर त्याच दरवाजाने आत-बाहेर जात असणार आणि माझ्या आठवणीत मात्र तो कोठेच नाही, हे मी आज प्रथमच पाहिले. जबडा मोडलेल्या अँथनीलाही मी कणखर म्हणतो. वाळवंटींनी त्याचा वेगळा धागा काढावा, मी तेथे येऊन त्यांच्याशी भांडेन. त्या अपघातापुढे मात्र तारेचा जबडा मी ठेवणार नाही.

वाळवंटी:
धागा काढला आहे. कणकेची पिशवी बाहेर ठेवून यावे.